खारघरचा उष्मा व आपला हात

ता. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें भर उन्हांत झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभास आलेलीं १४ माणसें उष्माघातानें दगावलीं, हें वाचकांस स्मरत असेलच. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भांतील शेतकरी हा आंकडा ऐकून हंसेल. परंतु खाडीकांठच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, व घाम वाळला नाहीं म्हणजे शरीर निवत नाहीं. त्या महिन्यांतील भारत व बांगलादेश येथील दमट उष्म्याचा शास्त्रज्ञांनीं अभ्यास केला. मनुष्याच्या उद्योगांमुळें असा उष्मा येण्याचा संभव किमान ३० पटींनीं वाढला आहे, असा त्यांचा निर्णय आहे.

कारखानदारीपूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्ल वायूचे सुमारें २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर आहेत. ही भर मुख्यतः दगडी कोळसा व खनिज तेल जाळून पडली, व तींत युरोप-अमेरिकेचा वांटा मोठा आहे. आजही एका अमेरिकन माणसाच्या नांवें पडणाऱ्या वायूचा सुमारें सातवा हिस्साच आपल्यापैकीं एकाच्या नांवें पडतो. पण तेवढ्यावरून आपण हात झटकूं लागलों, तर खारघरचीच जमीन आपणांस खोटें पाडील.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या मुंबईसाठीं ९५ गांवांच्या जमिनी संपादनांत आल्या. तत्पूर्वीं या खाडीकांठीं बांधाच्या आंत भातखाचरें, उघाडीच्या दारांतून पाण्याचा निचरा, आणि बांधापलीकडे तिवरांचें रान, अशी मांडणी असे. सरकारी दप्तरीं अशी भरतीची जमीन ‘पोटखराबा’ म्हणून लागे, म्हणजे आकारास नालायक. मी महसूल खात्यांत कारकून असतांना असल्या शेंकडों नकला कांहींएक विचार न करतां उतरविल्या. परंतु तिवरांखालच्या चिखलांत हवा शिरत नसल्यामुळें पिढ्यान् पिढ्यांचा पालापाचोळा तेथें पुरता कुजत नाहीं, व त्यांतील कर्ब दडून राहतो. तिवरें तोडून चिखल उपसला कीं तोच कर्ब हवेंत जातो. वर इमारत उठते ती सिमेंटची. सिमेंटसाठीं चुनखडी भाजतांना खुद्द दगडांतून कर्बाम्ल वायु सुटतो. भट्टीच्या कोळशाचा धूर निराळाच. शिवाय डांबर व काँक्रीट दिवसाचें ऊन रात्रीं परत टाकतात. हा दोष गांवापुरता, जगाच्या हवेचा नव्हे. अंगास मात्र दोन्ही सारखेच लागतात.

आपलें भातही यांतून सुटलेलें नाहीं. पाणी सतत उभें राहिलेल्या खाचराच्या तळाशीं मिथेन वायु तयार होतो. मधूनमधून पाणी काढल्यास तो पुष्कळ कमी होतो. पण खारजमिनींत हा प्रयोग जपून करावा, कारण गोडें पाणी हटलें कीं मीठ वर येतें.

बांधाबाहेर ज्यांचा पोटखराबा अद्याप शिल्लक आहे, त्यांच्याकडे राडारोड्याच्या गाड्या खाली करूं देण्याविषयीं विचारणा होते, आणि गाडीमागें रोख पैसे मिळत असल्यानें मन वळतें. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील तिवरांच्या तोडीस मनाई केली, व ती खासगी जमिनीसही लागू आहे. माझ्याकडे सल्ल्यास येणाऱ्यांस मी प्रथम हेंच विचारतों, कीं बांधाबाहेर तिवरें उभीं आहेत काय? असल्यास कागदावर सही करूं नये.