‘अभिरुचि’ ते ‘शब्द’ : दिलीप चित्रे नावाचा प्रकाशक

बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त दिलीप चित्रे यांची एक कविता आहे. उशिराच्या लोकलनं घरी परतणारा थकलेला बाप, पावसात भिजलेले कपडे, पुस्तकांनी फुगून फाटायला आलेली पिशवी आणि घरात त्याच्याशी न बोलणारी मुलं. अचलपूर-परतवाड्याची पोरं ती परीक्षेपुरती शिकतात. महानगरातला एकाकीपणा, दोन पिढ्यांतला दुरावा असे मुद्दे पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. माझं मन मात्र त्या पिशवीत अडकलं. एवढा दमलेला माणूस रोज पुस्तकं का वाहून नेतो? आणि कोणती?

कवितेतला बाप म्हणजे कवीचाच बाप, असं गणित मांडू नये हे मला ठाऊक आहे. तरीही कवीचे वडील कोण होते हे शोधायला गेलो आणि वर्षानुवर्षं त्याच शोधात राहिलो. कारण वाट मुंबईला न जाता थेट बडोद्याला गेली.

पुरुषोत्तम आत्माराम चित्रे हे नाव आज फारसं कुणी घेत नाही. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी विमल चित्रे यांनी १९४३ मध्ये बडोद्यातून ‘अभिरुचि’ हे मासिक सुरू केलं. काळ दुसऱ्या महायुद्धाचा, कागदाची टंचाई. गाव गुजराती भाषेच्या मुलखातलं. गायकवाडी राजवटीमुळे तिथं मराठी वाचक होता, पण पुण्या-मुंबईच्या मानानं तो मूठभरच. अशा ठिकाणाहून मराठी वाङ्मयाचं मासिक चालवायचं, तेही दर्जाशी तडजोड न करता, हा धंदा नव्हताच. मी त्याला निष्ठा म्हणेन.

त्या मासिकात काय काय आलं ते पाहिलं की छाती दडपते. मं. वि. राजाध्यक्ष ‘निषाद’ या टोपणनावानं त्यात ‘वादसंवाद’ लिहीत. पु. ल. देशपांडे हे नाव महाराष्ट्राला ठाऊक व्हायच्या आधी त्यांचं ‘भय्या नागपूरकर’ हे व्यक्तिचित्र ‘अभिरुचि’त आलं. म्हणजे ज्या पुलंना मराठी माणूस डोक्यावर घेऊन नाचला, त्यांच्या व्यक्तिचित्रांची सुरुवात एका वैदर्भी नावाच्या माणसापासून झाली आणि ती छापली बडोद्याच्या एका जोडप्यानं. आम्हा विदर्भवासीयांना एवढ्यावरूनही त्या मासिकाबद्दल आपुलकी वाटायला हरकत नाही.

पण ‘अभिरुचि’चं सगळ्यांत मोठं धाडस म्हणजे बा. सी. मर्ढेकर. ‘शिशिरागम’ १९३९ मध्ये आला तेव्हा मर्ढेकर रविकिरण मंडळाच्या सावलीतून पुरते बाहेर पडले नव्हते. त्यानंतर जो मर्ढेकर उभा राहिला, ज्यानं यंत्रयुग, युद्ध, गर्दी आणि किळस मराठी कवितेत आणली, आणि तीही ओवी-अभंगाच्या जुन्या चालीत, त्या मर्ढेकरांच्या नव्या कविता ‘अभिरुचि’नं छापल्या. वाचक बिथरले. टीकाकारांना दुर्बोधतेचं कोलीत मिळालं. पुढे १९४७ मध्ये ‘काही कविता’ आल्यावर तर अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर त्यातून निर्दोष सुटले. आज मर्ढेकरांना ‘नवकवितेचे जनक’ म्हणणं सोपं आहे. तेव्हा त्या ओळी खिळ्यांत जुळवून घेऊन त्याखाली मासिकाचं नाव टाकणं सोपं नव्हतं.

दिलीप चित्रे यांचा जन्म १७ सप्टेंबर १९३८चा, बडोद्याचा. ‘अभिरुचि’ सुरू झालं तेव्हा ते चार-पाच वर्षांचे होते. ज्या वयात इतर मुलांच्या घरात श्लोक ऐकू येतात, त्या वयात या मुलाच्या घरात मासिकाच्या अंकांची वर्दळ होती. कुटुंब १९५१ मध्ये मुंबईला आलं. पुढचं शिक्षण, पत्रकारिता, जाहिरातक्षेत्र यांचा तपशील मी इथं देत नाही. तो कुठल्याही कोशात सापडतो. मला ज्या गोष्टीनं धरून ठेवलं ती पुढं आहे.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि बंडू वझे या मित्रांनी ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक काढलं. चित्रे तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. छपाईला पैसे नव्हते, म्हणून अंक सायक्लोस्टाइल केला जाई. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना हे यंत्र आठवेल. आपल्याकडच्या शाळांत चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यावरच निघत. मेण लावलेला पातळ कागद, म्हणजे स्टेन्सिल. टंकयंत्राची फीत बाजूला करून त्यावर अक्षरं ठोकायची किंवा टोकदार लेखणीनं कोरायची. मग ती स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. कोरलेल्या जागेतून शाई पाझरते आणि एकेक कागद बाहेर पडतो. स्टेन्सिल फाटली की पान पुन्हा पहिल्यापासून. हात काळे, कागद खरखरीत, प्रती थोड्या. पण कुणाची परवानगी लागत नाही, हे त्या यंत्राचं खरं मोल. लिहिणारा, कोरणारा, छापणारा आणि वाटणारा एकच असतो.

आपल्याकडे लघुअनियतकालिकांची गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. साठचं दशक, संतापलेले तरुण, समोर ‘सत्यकथा’ हे प्रस्थापित मासिक आणि ते काढणारी मौज, मग गिरगावात खटाववाडीच्या दारात ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी. अशोक शहाणे यांचं ‘असो’, राजा ढाले यांचं ‘येरू’, सतीश काळसेकर आणि मित्रांचं ‘फक्त’, भालचंद्र नेमाडे ज्यात होते ते ‘वाचा’, अशी नावं ओळीनं येतात. शहाणे यांनी १९६३ मध्ये लिहिलेला ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख ठिणगी म्हणून दाखवला जातो. त्या संतापाला कारणं होती आणि त्यातून पुढं दलित साहित्याला मिळालेलं बळ कुणी नाकारू नये. ढाले आणि नामदेव ढसाळ हे त्याच वातावरणात घडले.

पण संतापापासून सुरुवात केली की ‘शब्द’ची नीट संगती लागत नाही. ‘शब्द’ निघालं तेव्हा ‘क्ष-किरण’ यायला बरीच वर्षं होती आणि होळीला त्याहून अधिक. या मुलांच्या डोळ्यांसमोर जाळायला काही नव्हतं. त्यांना एक जागा हवी होती आणि ती त्यांनी हातानं तयार केली. चित्रे यांच्यापुरतं बोलायचं तर त्यांना ही गोष्ट शिकायला अमेरिकेतल्या बीट कवींकडे जावं लागलं नाही. मासिक ही घरात बसून करायची गोष्ट आहे, हे त्यांनी लहानपणीच पाहिलं होतं. बीट कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग मुंबईत आला १९६२ साली. तोवर ‘शब्द’चा कारभार आटोपलाही होता. मराठी लघुअनियतकालिकांचं मूळ मी म्हणूनच परदेशी बंडखोरीत शोधत नाही. ते मला बडोद्यातल्या एका मराठी घरात दिसतं.

‘सत्यकथे’बद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या वऱ्हाडाशी जोडलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यात बेलोऱ्याला जन्मलेल्या आणि पुढं अमरावतीत अध्यापन केलेल्या वसंत आबाजी डहाके यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घ कविता १९६६ मध्ये ‘सत्यकथे’तच आली. त्या वेळी मराठीत त्याहून अस्वस्थ करणारी कविता क्वचितच लिहिली गेली असेल. चित्रे स्वतःही ‘सत्यकथे’त लिहीत होते. दार पूर्ण बंद नव्हतं. ते किती उघडायचं हे ठरवणारा हात मात्र एकाच ठिकाणी होता, आणि खरं भांडण त्याबद्दलचं होतं. शिवाय प्रयोगाची वऱ्हाडाला ओळख नवी नाही. मुक्तछंद मराठीत रुजवणारे कवी अनिल मूर्तिजापूरचे.

१९६० मध्ये चित्रे यांचा पहिला संग्रह ‘कविता’ आला आणि त्याच वर्षी ते शिक्षक म्हणून इथिओपियाला गेले. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात तिथल्या शाळांसाठी भारतातून मोठ्या संख्येनं शिक्षक नेले जात. तीन वर्षं त्यांनी तिथं इंग्रजी शिकवलं. ‘शिबाराणीच्या शोधात’ हे प्रवासवर्णन त्या वास्तव्यातून आलं. चरित्रात या काळाला एखाददुसरी ओळ मिळते. मला तो निर्णायक वाटतो. आपल्याला जे स्वच्छ दिसतं ते समोरच्या मुलाला का दिसत नाही, हा प्रश्न शिक्षकाला रोज पडतो. परत आल्यावर चित्रे यांनी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम नेमकं याच प्रश्नाचं उत्तर आहे.

ते काम म्हणजे १९४५ ते १९६५ या वीस वर्षांतल्या मराठी कवितेचा इंग्रजी संग्रह. निर्मला सदानंद या मुंबईच्या प्रकाशनानं तो १९६७ मध्ये काढला. बरीचशी भाषांतरं चित्रे यांची स्वतःची आणि संपादनही त्यांचं. मराठी न येणाऱ्याला ही कविता का महत्त्वाची ते समजावून सांगण्याची खटपट त्यात आहे.

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच मला हवा असलेला पुरावा सापडला, आणि तो म्हणजे १९४५ हे साल. स्वातंत्र्याचं १९४७ नाही, ‘काही कविता’च्या प्रकाशनाचंही नाही, ‘शिशिरागम’चं तर नाहीच. नवी मराठी कविता कुठून मोजायची असा प्रश्न आला तेव्हा या संपादकानं अशी रेघ ओढली, की मर्ढेकरांच्या नव्या कविता नियतकालिकांतून येऊ लागल्या तो काळ आत यावा. म्हणजे ‘अभिरुचि’चा काळ. मुलानं वडिलांवर गौरवग्रंथ काढला नाही. त्यांनी ज्या कवितेसाठी खस्ता खाल्ल्या, तिथून एका भाषेच्या कवितेचं नवं युग सुरू होतं, असं त्यानं जगाला दाखवून दिलं. वडिलांचं ऋण याहून चोख कसं फेडता येईल?

एकदा हे ध्यानात आलं की चित्रे यांची पुढची कारकीर्द वेगळीच दिसू लागते. स्वतःच्या ‘अ‍ॅम्ब्युलन्स राइड’ या दीर्घ इंग्रजी कवितेचे प्रकाशक १९७२ मध्ये ते स्वतःच झाले. त्यांचा ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ हा इंग्रजी संग्रह १९८०चा, क्लिअरिंग हाउसचा. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या कवींनी आपापली पुस्तकं आपणच काढायची म्हणून १९७६ मध्ये उभी केलेली ही सहकारी प्रकाशनसंस्था. कोलटकरांची ‘जेजुरी’ पुस्तकरूपानं आली ती तिथूनच. ‘शब्द’चा धडा वीस वर्षांनी इंग्रजीतही गिरवला गेला, आणि दोन्हीकडे कोलटकर होते.

मग तुकाराम. विशीच्या आतच सुरू झालेलं तुकारामाच्या भाषांतराचं काम चित्रे यांनी दशकानुदशकं चालू ठेवलं. १९९० मध्ये ‘पुन्हा तुकाराम’ आणि १९९१ मध्ये ‘सेज तुका’ ही पुस्तकं आली. १९९४ मध्ये साहित्य अकादमीनं ‘एकूण कविता’च्या पहिल्या खंडासाठी मूळ लेखनाचा आणि ‘सेज तुका’साठी भाषांतराचा, असे दोन्ही पुरस्कार त्यांना दिले. त्यानंतर ज्ञानेश्वरांचं ‘अनुभवामृत’ त्यांनी इंग्रजीत नेलं. २००७ मध्ये, वयाच्या सत्तरीकडे झुकताना, नवयान या छोट्या प्रकाशनासाठी नामदेव ढसाळांच्या कवितांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तुकाराम, ज्ञानेश्वर, मर्ढेकर आणि ढसाळ एकाच माणसाच्या हातून जगापुढं गेले. १० डिसेंबर २००९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

चित्रे कवी म्हणून किती मोठे, यावर मतभेद होत राहतील. ‘ऑर्फियस’ आणि ‘कवितेनंतरच्या कविता’ मला मनापासून आवडतात. कुणाला त्या जड जातात. पण दुसऱ्याची कविता वाचकापर्यंत पोचवण्यासाठी इतकं आयुष्य देणारा दुसरा आधुनिक मराठी कवी मला दाखवता येणार नाही. आपण मराठी लोक कवींचे पुतळे उभारतो, संमेलनं भरवतो, आणि कविता छापणाऱ्याला ‘प्रकाशक’ म्हणून व्यवहाराच्या रकान्यात टाकतो. पुरुषोत्तम आणि विमल चित्रे यांचं नाव पुसट झालं ते त्यामुळंच.

म्हणून वऱ्हाडातल्या वाचकांना, विशेषतः जुन्या वाचनालयांच्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. कपाटं रिकामी करताना बांधणी सुटलेली, मुखपृष्ठ नसलेली, सायक्लोस्टाइलवर काढलेली चोपडी हाती लागली तर ती रद्दीत घालू नका. त्यावर साल आणि संपादकाचं नाव दिसलं तर नोंदवून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला कळवा. अशा कागदांचा इतिहास पुण्या-मुंबईपुरता लिहिला गेला आहे. आपल्या गावांचा भाग लिहायचा तर तो आपल्यालाच लिहावा लागेल, आणि त्यासाठी लागणारी पानं अजून आपल्याच कपाटांत असू शकतात.