ब्रुसेलोसिस : मादी वासराला आयुष्यात एकदाच लस
ब्रुसेलोसिस अर्थात सांसर्गिक गर्भपात या जिवाणूजन्य रोगात गाय किंवा म्हैस बहुधा गाभणकाळाच्या अखेरच्या तिमाहीत गाभडते. कच्च्या दुधातून आणि गर्भपाताच्या स्रावांतून हा रोग माणसालाही जडतो. 11 सप्टेंबर 2019 रोजी मथुरा येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिने वयाच्या मादी वासरांना व पारड्यांना याची लस आयुष्यात एकदाच दिली जाते. लशीतील जिवाणू जिवंत, परंतु क्षीण केलेले असल्याने नर वासरे व गाभण जनावरे वगळली जातात. टोचणाऱ्यालाही हातमोजे व संरक्षक चष्मा आवश्यक असतो. रोग जडल्यावर जनावरासाठी खात्रीचा उपचार नाही. त्यामुळे वासराची जन्मतारीख नोंदवून वेळेत लस टोचून घेणे, हेच पशुपालकाच्या हाती असते.