पंप घेतला, पण औषध पोचलं कुठे?

'पंप घेऊन पाहिला, मला लागू पडत नाही.' नागपुरात दम्याच्या पेशंटकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. दोष औषधाला दिला जातो. ते फुप्फुसात पोचलं का, हे मात्र कुणी विचारत नाही.

गैरसमज : तोंडात फवारा मारला की औषध छातीत गेलं.

साध्या पंपातून पद्धतशीर घेतलं तरी डोसपैकी साधारण 10 ते 20 टक्केच फुप्फुसात उतरतं. बरंचसं जिभेला आणि घशाला चिकटतं. बारीक नळ्यांपर्यंत जायला कण 1 ते 5 मायक्रॉनचेच लागतात. त्यात आजार आडवा येतो. नळ्या आवळलेल्या, आतून सुजलेल्या, कफाने भरलेल्या असतात. हवा मोकळ्या वाटेने जाते आणि औषध हवेच्याच मागे जातं. म्हणजे जो भाग सर्वांत आजारी, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी औषध येतं! वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बायांना सीओपीडी हा श्वासनळ्यांचा जुनाट आजार होतो, तेव्हा औषध मोठ्या नळ्यांतच अडकतं. टीबी बरा झाला तरी मागे राहिलेल्या व्रणांच्या भागात हवाच नीट खेळत नाही. नळ्या उघडणारा पंप आणि स्टिरॉइडचा पंप वेगवेगळे असतील, तर उघडणारा आधी घ्यायला सांगतात तो आवळलेल्या नळ्यांची वाट मोकळी व्हावी यासाठीच.

गैरसमज : कुठलाही पंप कुणालाही चालतो.

कॅप्सूलच्या पंपातली पूड आपल्या ओढण्याच्या जोरावर उडते. धाप लागलेल्या माणसाच्या छातीत आधीच हवा कोंडलेली असते, त्याला तेवढा जोर येत नाही. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून पाहा. आत पूड दिसली, तर तेवढा डोस वाया गेला. गॅसच्या पंपाचं नेमकं उलट आहे : 4-5 सेकंद सावकाश ओढायचं, मग शक्य तर 10 सेकंद श्वास रोखायचा. तो जोरात ओढला की औषध घशावरच आदळतं. पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, लावलं तर हे नुकसान खूप कमी होतं, आणि स्पेसर फक्त लहान मुलांसाठी नाही.

गैरसमज : मशीनची (नेब्युलायझरची) वाफ जास्त पॉवरफुल.

मशीनमधलंही बरंच औषध कपात उरतं आणि हवेत उडून जातं. अटॅक फार तीव्र नसेल, तर स्पेसर लावलेला पंप तितकंच काम करतो.

पंपाची सवय लागते, हीसुद्धा निव्वळ भीती. गोळीतून मिलिग्रॅममध्ये जाणारं औषध पंपातून मायक्रोग्रॅममध्ये जातं.

पुढच्या वेळी नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात जाल, तेव्हा आपला पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा. आणि मे महिन्यात, पारा 45 वर असताना, तो उन्हात उभ्या गाडीत मुळीच ठेवू नका. बहुतेक पंप 30 अंशांखाली ठेवायचे असतात.