कागलहून पोर्ट ब्लेअरला शिकायला जाताना

कागल पंचतारांकित एमआयडीसीत एखाद्या मशिनचं बेअरिंग गेलं, की स्टोअरमधून फोन जातो आणि तासा-दीड तासात कुणीतरी शिरोलीहून नाहीतर उद्यमनगरातून बेअरिंग घेऊन गेटवर हजर होतं. पुणे-बेंगळुरू महामार्ग दारात आहे, लक्ष्मी टेकडीच्या चढावर रात्रभर ट्रकांची रांग असते. तळंदगे, हुपरी, कसबा सांगाव या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना म्हणूनच एक सवय लागलेली असते: काही कमी पडलं तर मागवू. अंदमानला शिकायला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सगळ्यात आधी ही सवय बदलावी लागते. तिथे बहुतेक वस्तू समुद्र ओलांडून येतात आणि समुद्राला घाई नसते.

पण आपल्याकडची मुलं तिथे जातील कशाला? त्याचं नेमकं उत्तर आहे. पाँडिचेरी विद्यापीठ हे 1985 साली स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ. त्याचं एक केंद्र पोर्ट ब्लेअरच्या ब्रुक्शाबाद भागात आहे आणि तिथे सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. कोल्हापुरात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीला प्रवाळ, खारफुटी, समुद्री गवत हे सगळं पुस्तकातल्या चित्रांतून माहीत असतं. ब्रुक्शाबादला ते बसच्या अंतरावर आहे. माझ्या मते देशात हा विषय शिकण्यासाठी याहून योग्य जागा फार थोड्या आहेत.

प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए घेते. परीक्षा दिली म्हणजे काम झालं, असं समजून मुलं थांबतात आणि तिथेच अडकतात. निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. कुठल्या विषयांची बी.एस्सी. चालते, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

कागदपत्रांत जातीच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्या. केंद्रीय विद्यापीठात ओबीसी दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतं. सेतूमधून राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलात तर तो परत येतो. राज्याच्या एसईबीसी प्रवर्गाला केंद्रीय प्रवेशात जागा नाही, हे मराठा कुटुंबांनी आधीच लक्षात घ्यावं. शिवाजी विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि कॉलेजची टीसी निघण्याआधी हातात असलीच पाहिजे, कारण तिथून ‘उद्या येऊन घेऊन जातो’ म्हणता येत नाही. वसतिगृहात जागा मिळेल का, हेही प्रवेश घेतानाच विचारून घ्यावं.

आता वाटेचं बघू. कागल फाट्यावरून रात्रीची बस धरली की निपाणी, बेळगाव, हुबळी करत सकाळी बेंगळुरू. रेल्वेने जायचं तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे. चेन्नई गाठायची असेल तर कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती आणि तिथून पुढे. बेंगळुरूहून किंवा चेन्नईहून विमान दोन-अडीच तासांत पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर विमानतळावर उतरतं. शिंपल्याच्या आकाराची नवी टर्मिनल इमारत 2023 च्या जुलैमध्ये सुरू झाली. हवा बिघडली तर विमान उतरू शकत नाही आणि परत फिरतं, म्हणून पोचल्याच्या दिवशीच प्रवेशाची शेवटची तारीख आहे असं कधीही करू नका. मधे दोन दिवस सोडा.

दुसरा मार्ग जहाजाचा. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांतून पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्यावर प्रवासी जहाजं जातात. चेन्नईहून साधारण साठ तास लागतात. वेळापत्रक रेल्वेसारखं रोजचं नसतं. महिन्यातल्या ठराविक फेऱ्या जाहीर होतात आणि त्यातही बदल होतो. सर्वांत स्वस्त जागा बंक क्लासची: मोठ्या दालनात एकावर एक लोखंडी बिछाने, हवा पंख्याची, खाली इंजिनाची घरघर. पहिल्या रात्री बहुतेकांना मळमळतं. पोट अगदी रिकामं ठेवू नये, डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसावं, उलटीची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. ज्याला समुद्राचा अभ्यास करायचा आहे त्याने एकदा तरी जहाजाने जावं असं मला मनापासून वाटतं. विमानात विद्यार्थ्याला कळतच नाही की आपण मुख्य भूमीपासून हजारेक किलोमीटर दूर आलो. जहाजात ते अंतर शरीराला कळतं.

घरच्यांची काळजी मला समजते. मराठी घरात अंदमान म्हटलं की काळं पाणी आठवतं. बाबाराव आणि विनायक हे सावरकर बंधू सेल्युलर जेलमध्ये होते. विनायकराव 1911 ते 1921 अशी दहा वर्षं. 1906 साली बांधून पूर्ण झालेलं ते कारागृह 1979 पासून राष्ट्रीय स्मारक आहे आणि आज गावातली मुलं त्याच्याच आसपासच्या शाळा-कॉलेजांत जातात. शहराला ज्यांचं नाव मिळालं ते लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर मुंबईच्या बॉम्बे मरीनचे अधिकारी होते, त्यांनी 1788-89 मध्ये या बेटांची पाहणी केली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने शहराचं नाव श्री विजयपुरम केलं. तिकिटांवर आणि लोकांच्या बोलण्यात अजून दोन्ही नावं आढळतात, फॉर्म भरताना गोंधळू नका.

गाव म्हणून पोर्ट ब्लेअर लहान आहे. 2011 च्या जनगणनेत साऱ्या अंदमान-निकोबारची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांच्या घरात होती, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. ॲबर्डीन बाजार, मोहनपुऱ्याचा बसस्टँड, जंगलीघाटचा मासळी बाजार एवढं फिरलात की गावाची ओळख झाली. बोलायला हिंदी पुरते. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम, निकोबारी घरं शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांना जोडणारी भाषा हिंदीच. तुमचे घरमालक कदाचित फाळणीनंतर इथे वसवलेल्या बंगाली कुटुंबातले असतील, कदाचित ‘प्री-42’ घराण्यातले असतील, म्हणजे 1942 च्या जपानी ताब्याच्या आधीपासून इथे असलेल्यांचे वंशज. त्यांच्याकडे बसून ऐकावं. आपल्याकडच्या गावांत चार पिढ्या एकाच वाड्यात सापडतात. इथे प्रत्येक घराचा इतिहास एका बोटीपासून सुरू होतो.

सगळ्यात आधी शरीराला जाणवतो तो सूर्य. भारतभर घड्याळ एकच, पण कागल साधारण 74 पूर्व रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर जवळजवळ 93 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तासाचा फरक. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगी संध्याकाळी फोन करून सांगते, “आई, इथं अंधार पडला.” आणि इकडून उत्तर येतं, “अगं, काय सांगतीस, बाबांची अजून दुसरी शिफ्ट लागून दोनच तास झालेत.” जून महिन्यात पहाटे पाचलाच उजेड असतो. बाजार, बस, बोटी सगळं त्यामुळे लवकर सुरू होतं आणि लवकर आवरतं. रात्री दहापर्यंत बाहेर राहण्याची सवय असलेल्यांनी झोपेची वेळ अलीकडे आणावी. पंधरवड्यात अंगवळणी पडतं.

मग पाणी. वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मे-जूनपासून नैऋत्य मोसमी आणि वर्षअखेरीस ईशान्य मोसमी. तरीही फेब्रुवारी ते एप्रिल नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा येतं. बेटं चिंचोळी आणि डोंगराळ, पाऊस उतारावरून सरळ समुद्रात जातो, नद्या लहान, साठवण मोजकी. शहराची मुख्य भिस्त धानीखाडी धरणावर आहे. खोली घेताना भाड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा: टाकी किती लिटरची, आणि कितीजणांत? दूधगंगेच्या काठावरून गेलेल्या मुलांना हे शिकायला वेळ लागतो.

दमट हवा प्रत्येक वस्तूवर आपला हक्क सांगते. चामड्याचा पट्टा, वह्यांचे पुठ्ठे, कपाटातली जीन्स, सगळ्यावर बुरशी येते. घरून नेलेली कांदा-लसूण चटणी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत तिला ओलसर वास येतो. ती कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरावी, वर तेलाचा थर द्यावा, चमचा कोरडाच घालावा. ज्वारीचं पीठ थोडंच न्यावं. मासे आणि नारळ मुबलक, पण बऱ्याचशा भाज्या, कांदे-बटाटे जहाजाने येतात, जहाज लांबलं की भाव चढतात. आपल्यासारखं धारोष्ण दूध विसरा. तिथे पावडरच्या आणि खोक्यातल्या दुधाचा वापर मोठा आहे. जड सामान विमानाच्या वजनमर्यादेत बसत नाही. पुस्तकं, अंथरूण पोस्टाच्या पार्सलने आधी पाठवून द्यावं.

इंटरनेटचं भय आता उरलेलं नाही. पूर्वी सगळा भार उपग्रहावर होता. 10 ऑगस्ट 2020 रोजी चेन्नईहून समुद्रतळावरून टाकलेली सुमारे 2,300 किलोमीटरची फायबर केबल सुरू झाली आणि व्हिडिओ कॉल शक्य झाला. वैद्यकीय बाबतीत मात्र जपावं. शहरात जी. बी. पंत रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीच्या उपचारांना चेन्नई गाठावी लागते. दात, चष्मा, जुनं दुखणं हे कोल्हापुरातच निपटून जावं. नेहमीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या जास्त ठेवाव्यात.

आता ज्यासाठी गेलो तो अभ्यास. तिथे वेळापत्रक विभागप्रमुखांइतकंच चंद्र ठरवतो. चोवीस तासांत दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज ती वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सगळ्यात दूर हटतं, आणि किनाऱ्यावरच्या खडकांतले जीव मोजायचे ते त्याच तास-दोन तासांत. पीव्हीसी पाइपची चौकट, तिच्यात दोऱ्यांची जाळी, ती खडकावर ठेवायची आणि प्रत्येक घरात किती गोगलगायी, किती बार्नॅकल, किती शेवाळ ते लिहायचं. लिहायचं प्लॅस्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने, शाई पाण्यात पसरते. पायात जाड तळाचे बूट हवेतच. समुद्री साळिंदराचा काटा आणि दगडमाशाचा डंख अनवाणी पायाला सोडत नाही. पाणी परत यायला लागलं, की मोजणी अर्धी असली तरी निघायचं. सातच्या पाळीला पंचिंग चुकवू न देणाऱ्या घरातली मुलं या कामात चांगली रुळतात, असं माझं ठाम मत आहे.

वांडूरला 1983 साली जाहीर झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे प्रवाळ बघायला मिळतात. मे 2010 मध्ये समुद्र तापून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, त्यातून कुठले सावरले आणि कुठले नाही, हा अजून शोधनिबंधांचा विषय आहे. सिप्पीघाटला 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात जमीन खचली आणि भातशेतीत समुद्र शिरला. जिथे शेतकरी नांगरत होते तिथे आता खारफुटीचा अभ्यास करता येतो. वांडूर आणि सिप्पीघाट ही दोन्ही ठिकाणं शहरापासून बसच्या टप्प्यात आहेत.

नियम कडक आहेत आणि ते पाळायलाच हवेत. जारवा आणि सेंटिनेली यांच्या राखीव भागांत जाणं गुन्हा आहे. अंदमान ट्रंक रोडवर जिरकाटांगपासून वाहनं ताफ्याने जातात, तिथे फोटो काढायचे नाहीत. निकोबारला वेगळी परवानगी लागते. प्रवाळाचा तुकडा, संरक्षित शंख-शिंपले आठवण म्हणून बॅगेत टाकले तर विमानतळावर तपासणीत अडकतात, आणि सागरी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर ते उचलूच नयेत. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या लावलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरू नका, स्थानिक माणूस कितीही बिनधास्त दिसला तरी.

जाण्याआधी एक काम इथेच करता येतं. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली मुलं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण खाऱ्या पाण्यात लाटेवर तरंगणं वेगळं. मालवण कोल्हापूरहून काही तासांवर आहे. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि बुडी मारायला शिकवणारे आहेत. दोन दिवस काढून बोटीत बसून या, पाण्याखाली डोकं घालून या. पोटाला आणि मनाला हे झेपतं का, ते पैसे भरण्याआधी कळतं.

सुट्टीचं नियोजन पहिल्या महिन्यातच करा. दिवाळी ईशान्य मोसमीच्या आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांच्या दिवसांत येते, बोटी रद्द होतात, विमानाचं भाडं शेवटच्या आठवड्यात परवडण्यापलीकडे जातं. तिकीट ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच काढावं, आणि परतीच्या तारखेनंतर परीक्षेपर्यंत चार-पाच दिवस मोकळे ठेवावेत.