एकोणीस झाडे आणि तीन कोटी जाती

या पृथ्वीवर कीटकांच्या एकंदर जाती किती असतील? आजवर सुमारे दहा लाख जातींना नावे मिळाली आहेत. परंतु खरी गणना अडते ती उष्ण कटिबंधातील वर्षावनांच्या शेंड्यांवर. कारण तीस-चाळीस मीटर उंचीच्या त्या पर्णछत्रापर्यंत पोहोचणेच मुळी दुर्घट.

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामा देशात यावर एक युक्ती योजिली. झाडाखाली नरसाळी मांडावयाची, कीटकनाशकाचे धुके शेंड्यापर्यंत सोडावयाचे आणि खाली पडतील ते किडे गोळा करावयाचे. ल्युहिया सीमानी या एकाच जातीच्या अवघ्या १९ झाडांवर त्यांना भुंगेऱ्यांच्या सुमारे १,२०० जाती आढळल्या!

१९८२ साली त्यांनी यावरून एक हिशेब मांडला. या जातींपैकी १६३ केवळ याच झाडावर जगतात, असे त्यांनी गृहीत धरले. उष्ण कटिबंधात वृक्षांच्या जाती सुमारे ५०,०००. म्हणजे भुंगेऱ्यांच्या जाती ऐंशी लाखांवर जातात. भुंगेरे हे संधिपाद प्राण्यांपैकी शेकडा चाळीस धरले, तर शेंड्यांवरच दोन कोटी जाती होतात. आणि जमिनीलगतच्या धरून तीन कोटी!

या आकड्याने शास्त्रज्ञ चकित झाले. तथापि सारी इमारत उभी होती ती त्या १६३ या अंदाजावर. पुढे न्यू गिनीत संशोधकांनी झाडपाला खाणारे कीटक प्रत्यक्ष झाडांवरून वेचून तपासले, तेव्हा असे दिसले की, एका झाडावरील कीटक बहुधा त्याच्या भाऊबंद झाडांवरही उपजीविका करतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने तीन कोटींचा आकडा चाळीस ते साठ लाखांवर आणला.

मग अर्विन यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी आपली गृहीते उघडपणे मांडली, म्हणूनच ती इतरांना पारखून घेता आली. पुढे पनामातीलच सान लोरेन्झो वनात दोर, फुगे आणि उंच यारी यांच्या साहाय्याने अर्ध्या हेक्टरहूनही कमी क्षेत्र तपासण्यात आले. २०१२ साली जाहीर झालेली त्याची मोजदाद ६,१४४ जातींची होती.

आकडा खाली आला, तरी नाव मिळालेल्या जातींहून निनावी जातीच अधिक, हे सत्य कायम राहिले. म्हणून वर्षावनातील वृक्ष कोसळतो, तेव्हा केवळ लाकूड पडत नाही. ज्यांची ओळखही झालेली नाही, अशा जीवांचे घर त्याबरोबर मोडते.