रद्दीतली मोटारसायकल

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी परळच्या पुलाखाली आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. सिग्नल सुटला आणि बसगाड्यांच्या कलकलाटातून एक आवाज कानावर आला. टू-स्ट्रोक इंजिनाचा तो आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. आधी टणटण, मग एकदम ताणलेल्या तारेसारखा. पाठोपाठ जळक्या ऑइलचा वास. पाहतो तर यामाहा आरएक्स १००! टाकी चकचकीत काळी आणि वर बसलेला पोरगा जेमतेम बावीस वर्षांचा. बाजूच्या टपरीवर तो चहाला थांबला तेव्हा राहवेना म्हणून विचारले, "बाळा, कितव्या सालची?" म्हणाला, "काका, एटी सिक्सची. जपानचं इंजिन आहे." किंमत विचारली तर लाखाच्या वर. ती ऐकता ऐकता आमची बस निघून गेली.

ही गाडी १९८५ च्या अखेरीस आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. म्हणजे या पोराच्या जन्माआधीच तिचा कारभार आटोपला होता. अवघे ९८ सीसीचे इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. हलकी असल्यामुळे ती अशी उसळायची की मागे बसणाऱ्याने आधी घट्ट धरून घ्यावे. त्याच सुमारास हिरो होंडाची सीडी १०० आली होती, कमी पेट्रोल पिणारी, संसारी. घरातली मोठी माणसे सीडी १०० चे गुण गात आणि पोरे आरएक्सकडे बघत.

हल्ली अशा जुन्या गाड्यांच्या आठवणींचे पीक आले आहे. वाईट काहीच नाही. रांचीच्या पंपावर काम करणाऱ्या बापाचा मुलगा महेंद्रसिंग धोनी मोठा झाला आणि त्याने मोटारसायकलींनी घर भरले, २०२३ साली ते साऱ्या देशाने व्हिडिओत पाहिले; त्याची पहिली गाडी साधी राजदूत होती हे कळल्यावर आम्हाला बरे वाटले. पण या आठवणी बहुतेक मालकांच्या असतात. मी घेतली, मी पळवली, मी विकली. आमच्यासारख्यांच्या घरात मोटारसायकल आली ती रद्दीतून.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलो. वडील गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि घरातली एकेक वस्तू बाहेर जाऊ लागली. शाळेच्या वह्या-पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे विकत आणणे परवडेना, म्हणून आईने कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून गुळगुळीत कागदाची इंग्रजी मासिके किलोवर आणली. रद्दीवाल्यालाही ती नकोच असत. त्या कागदाच्या पुड्या नीट बांधल्या जात नाहीत, तेल शोषले जात नाही. आईला मात्र कागद जाड मिळाला म्हणून आनंद. त्यात अमेरिकेचे 'सायकल वर्ल्ड' होते, विलायतेचे 'बाइक' होते. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकावर आमच्याकडे पिवळ्या यामाहावर वाकलेला केनी रॉबर्ट्स होता, गुडघा जवळजवळ रस्त्याला टेकलेला. हा १९७८, १९७९ आणि १९८० असा सलग तीन वर्षे ५०० सीसीचा जगज्जेता. गुरुजींनी विचारले, "हा कोण, पडतोय की काय?"

मग आम्हाला चटकच लागली. रविवारी हुतात्मा चौकापर्यंत चालत जायचे, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे उकिडवे बसून पाने उलटायची, दुकानदार खेकसला की पुढच्याकडे. भारतातली आजची नावाजलेली मासिके नंतर आली, 'ओव्हरड्राइव्ह' १९९८ साली आणि 'ऑटोकार इंडिया' १९९९ साली. त्याआधी आमचा आधार म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीचे परदेशी अंक. १९६९ साली होंडाने चार सिलिंडरची, पुढे डिस्क ब्रेक असलेली सीबी ७५० काढली आणि ब्रिटिश कारखान्यांची झोप उडवली, हे आम्हाला कळले तेव्हा ती गाडीच जुनी झाली होती. इंग्रजी तोडकेमोडके. 'टॉर्क' म्हणजे काय, हे शब्दकोशात पाहूनही समजेना. पण इंजिनाचा एकेक भाग सुटा करून काढलेली चित्रे असत, ती कुठल्याही भाषेत वाचता येतात.

या वाचनाचा उपयोग झाला तो १९८४ साली, दहावीनंतर गॅरेजात लागलो तेव्हा. उस्तादांचा पहिला नियम, पोऱ्याने सहा महिने फक्त रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे. गॅरेजात येझ्दी येत, म्हैसूरच्या कारखान्यातल्या, दोन सायलेन्सरवाल्या. एकच दांडा किकचा आणि तोच गिअरचा. आणि कधीतरी, लग्नातल्या वरासारखी, राजदूत ३५० यायची.

तिच्याविषयी थोडे सांगायलाच हवे. यामाहाची मूळ आरडी ३५० जपानात १९७३ सालची. एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये भारतात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची, आपल्याकडची साडेतीस, आणि पुढे आणखी उतरवून २७ ची केलेली. त्या काळी रस्त्यावर दुसरे काहीच तिच्याजवळ फिरकत नसे. पेट्रोल मात्र बेहिशेब प्यायची, त्यामुळे घेणारे थोडे. दशक संपता संपता ती गेलीही. आमच्या रद्दीतल्या चित्रात तिच्या पुढच्या चाकाला डिस्क होती आणि गॅरेजात आलेल्या गाडीला ड्रम. आम्ही ते उस्तादांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "उद्यापासून तू पार्ट धुवू नकोस. पाना धर."

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, त्यामुळे कार्बन साचतो. सायलेन्सर सोडवायचा, आतली नळी काढून आगीवर भाजायची, पोर्टमधला काळा थर हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडायचा. चरा पडला तर कानाखाली आवाज. राजदूत ३५० ला दोन कार्ब्युरेटर. दोन्ही एका लयीत आणायचे यंत्र आमच्याकडे नव्हते. उस्ताद दोन्ही सायलेन्सरच्या मागे दोन तळहात धरायचे, डोळे मिटायचे आणि धक्क्यांवरून सांगायचे, "डावीकडचा अर्धा आटा." सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारातून किंवा चोरबाजारातून. मद्रासजवळ शोलावरमला, महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर तेव्हा शर्यती होत. जिंकणाऱ्यांची नावे अजून निघतात. त्यांच्या गाड्यांचे पोर्ट कुणी घासले, ते विचारतो कोण?

या गाड्यांची दुसरी बाजूही खरी. आरडीला लोक 'रॅपिड डेथ' म्हणत, ते उगाच नव्हे. आमच्या चाळीतला एक मोठा पोरगा गिऱ्हाईकाची गाडी 'ट्रायल'ला म्हणून हायवेवर घेऊन गेला, डोक्यावर काही नाही, वेगाची नशा. तो परत आला नाही. कोणती गाडी होती ते सांगत नाही, दोष गाडीचा नव्हता. आजच्या आरएक्सवाल्या पोरांनी गाडीवर लाख घालावेत, पण हेल्मेटवर चार पैसे वाचवू नयेत. त्या दिवशीच्या पोराच्या आरशाला ते टांगलेले होते, हे आम्हाला खटकले आणि आम्ही त्याला बोललोही.

१९८७ साली ताईचा डी.एड.चा फॉर्म भरायचा होता. घरात पैसे नव्हते. पलंगाखाली आमची दोन पोती मासिके होती. आई काही बोलली नाही. आम्हीच पोती खांद्यावर घेतली आणि फोर्टातल्या एका फुटपाथवाल्याला दिली. किलोच्या भावापेक्षा बरे मिळाले, फॉर्म भरला गेला. ताई पुढे मास्तरीण झाली, आता निवृत्त आहे. तिला हे माहीत आहे आणि दर दिवाळीला ती एकदा तरी म्हणते, "तुझ्या मोटारसायकलींवर मी शिकले रे." आज त्याच अंकांना शौकीन मंडळी एकेकाला शेकड्यांत पैसे मोजतात. हळहळ वाटते का? थोडी वाटते. खोटे कशाला बोलावे.

१९९६ साली आरएक्स १०० बंद झाली आणि त्याच साली म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही. धुराचे नियम कडक होत गेले आणि रस्त्यावरचे टू-स्ट्रोक संपत आले. हवेसाठी ते चांगलेच झाले. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझ्दी २०२२ मध्ये परत आले, पण फोर-स्ट्रोक होऊन. आमचे उस्ताद आता ऐंशीच्या पुढे आहेत, हाताला कंप आहे. तरी परवा एका पोराने आरएक्स दारात आणून चालू केली, तर ते खुर्चीवरूनच म्हणाले, "प्लग जळलाय, बदल." उघडून पाहिले. जळलाच होता.

वाचकांपैकी कुणाच्या पोटमाळ्यावर असे जुने अंक असतील तर ते किलोवर देऊ नका. आणि ज्यांनी त्या काळात गॅरेजात, टर्नरकडे, भंगाराच्या गाळ्यावर काम केले, त्यांनी कसे केले ते चार ओळींत लिहून आमच्याकडे पाठवावे. हाताने लिहिले तरी चालेल. केनी रॉबर्ट्सचे ते कव्हर आमच्याकडे अजून आहे. आतले इतिहासाचे पुस्तक मात्र धाकट्या भावाने केव्हाच हरवले.