आधीं परीक्षा, मग औषध

अमेरिका व कॅनडा या देशांत पुष्कळ अशक्त वृद्धांची सेवा शुश्रूषागृहांतून होते. ‘नर्सिंग होम’ म्हणतांच आपल्याकडे लहान इस्पितळ डोळ्यांसमोर येतें; परंतु तिकडचीं हीं गृहें म्हणजे अनेकांचीं अखेरचीं निवासस्थानेंच होत. तेथील एक प्रश्न घरांत वडीलधारीं माणसें असणाऱ्या आमच्या वाचकांसही विचारणीय वाटेल.

एखाद्या आजीबाई गोंधळल्यासारख्या दिसतात. लघवीस दुर्गंधि येते. ती तपासतात, तींत जंतु आढळतात, आणि अँटिबायोटिक सुरू होतें. यांत चुकलें कोठें? अशा गृहांतील स्त्रियांपैकीं शेंकडा २५ ते ५० जणींच्या मूत्रांत कांहींही पीडा नसतांना जंतु असतात. जंतु असणें म्हणजे रोग असणें नव्हे. गोंधळाचें मूळ पुष्कळदा शरीरांतील पाणी कमी होणें, मलावरोध किंवा एखादें नवें औषध यांत असतें. जंतूंवर ठपका ठेवला कीं तें शोधावयाचें राहून जातें. शिवाय अनावश्यक औषधानें आंतड्यांतील उपकारक जंतु मरून वृद्धांस जीवघेणा अतिसार होऊं शकतो, आणि औषधास दाद न देणारे जंतु बळावतात.

यास्तव २००१ सालीं डॉ. लोब व त्यांच्या सहकाऱ्यांनीं किमान कसोट्या ठरविल्या. मूत्रनलिका न बसविलेल्या रोग्यास लघवी करतांना नव्यानें जळजळ होत असेल, अथवा तापाच्या जोडीला वारंवार लघवी, ओटीपोटांत दुखणें, रक्त जाणें यांसारखें लक्षण असेल, तरच औषध आरंभावें. ऑंटारिओ व आयडाहो येथील २४ गृहांतील प्रयोगाचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध झाला. या रीतीनें चालणाऱ्या गृहांत मूत्रदोषाच्या संशयावरून दिलेलीं अँटिबायोटिकें इतर गृहांपेक्षां सुमारें एकचतुर्थांशानें कमी होतीं. मृत्यु मात्र वाढले नाहींत. २०१७ पासून अमेरिकेंत सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शुश्रूषागृहास अशी व्यवस्था ठेवणें बंधनकारक झालें.

आधीं रोगपरीक्षा, नंतर औषधयोजना, हा चरकसंहितेचाही दंडकच आहे. तो मोडतो बहुधा नातलगांच्या मायेपोटीं. ‘डॉक्टर, कांहींतरी द्याच’ असा आग्रह धरण्यापेक्षां ‘लक्षण कोणतें, औषध किती दिवस, पुन्हां केव्हां पाहाल?’ असें विचारावें. थंडी वाजून ताप भरला, धाप लागली किंवा शुद्ध हरपूं लागली, तर क्षणाचाही विलंब नको. एरव्हीं पाणी पाजून, ताप मोजून, जवळ बसून एकदोन दिवस लक्ष ठेवणें ही हेळसांड नव्हे; तीही शुश्रूषाच होय.